चार सर्व्हर, एक दार

२३ जानेवारी २००१ च्या मंगळवारी संध्याकाळी मायक्रोसॉफ्टच्या एका तंत्रज्ञानं कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांपुढच्या राउटरच्या मांडणीत एक बदल केला. थोड्याच वेळात मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, एमएसएन, एक्स्पीडिया या साइट जगभरातून दिसेनाशा झाल्या. साइट खरं तर बंद पडल्याच नव्हत्या. वेबसर्व्हर चालू होते, डेटा जागच्या जागी होता. फक्त ‘या नावाचा आयपी पत्ता काय?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यापर्यंत कुणी पोहोचू शकत नव्हतं. तो बदल मागे घेईपर्यंत बावीस तास उलटून गेले. मायक्रोसॉफ्टकडे नेमसर्व्हर चांगले चार होते, पण चारही एकाच नेटवर्कवर, एकाच दारामागे मांडलेले. जुलै १९९७ मध्ये निघालेल्या आरएफसी २१८२ या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं होतं की, एकाच डोमेनचे नेमसर्व्हर भूगोलानं आणि नेटवर्कच्या रचनेनंही एकमेकांपासून दूर असावेत. साडेतीन वर्षांत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

ही गोष्ट जुनी आहे म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी असो, तालुक्याच्या गावचं कॉलेज असो किंवा एखादी नागरी सहकारी बँक, स्वतःचं डोमेन असलेल्या प्रत्येकाकडे आज हाच प्रश्न लहान आकारात हजर असतो. वेबसाइटवर, ॲपवर, क्लाउडवर लाखो रुपये खर्च होतात. डीएनएस मात्र डोमेन घेतलं त्या दिवशी कुणीतरी भरलेल्या चार चौकटींवर चालू राहतं आणि त्या चौकटींकडे पुन्हा कुणी ढुंकूनही पाहत नाही.

यंत्रणा मुळात अशी आहे. ब्राउझरला नाव माहीत असतं, नेटवर्कला आकडा लागतो. फोन किंवा लॅपटॉप आपला प्रश्न रिझॉल्व्हरकडे टाकतो. हा रिझॉल्व्हर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा असेल, ऑफिसचा असेल किंवा गूगलच्या ८.८.८.८ सारखा सार्वजनिक असेल. त्याच्याकडे उत्तर साठवलेलं असलं तर काम तिथंच संपतं. नसलं तर तो आधी रूट सर्व्हरला, मग ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’च्या सर्व्हरला आणि शेवटी त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली. त्याआधी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळलेली नावांची एकच फाइल नेटवर्कवरचे सगळे संगणक उतरवून घेत असत. गेल्या चाळीस वर्षांत भार अफाट वाढला, पण रचनेचा सांगाडा तोच राहिला. त्यामुळे ही यंत्रणा वेगवान आणि खमकी करायला फारसं नवं शोधावं लागत नाही. तीन गोष्टी तपासाव्या लागतात: उत्तर देणारे खरोखर वेगवेगळे आहेत का, उत्तर किती वेळ साठवलं जातं, आणि उत्तर आलंच नाही तर विचारणारा काय करतो. तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बहुतेक मोठे घोटाळे मात्र तिथंच चिघळले आहेत.

दोन म्हणजे खरोखर दोन?

तपासणी पाच मिनिटांची आहे. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर ‘डिग’ ही आज्ञा वापरून आपल्या डोमेनच्या ‘एनएस’ नोंदी मागवाव्यात. दोन-चार नावं येतील. त्या प्रत्येकाचा आयपी पत्ता काढावा आणि तो कोणत्या नेटवर्कचा आहे ते पाहावं. दोन्ही पत्ते शेवटच्या आकड्यापुरते वेगळे निघाले, तर ती दोन नावं एकाच कपाटातल्या दोन यंत्रांची, कदाचित एकाच यंत्राचीही असू शकतात. कंपनीनं ऑफिसातच नेमसर्व्हर ठेवले असतील आणि दोन्हींची वायर एकाच स्विचमधून बाहेर पडत असेल, तर २००१ ची मायक्रोसॉफ्ट आणि ही कंपनी यांच्यात आकाराखेरीज फरक नाही.

मोठ्या पुरवठादाराकडे गेलं की हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण तिथं ‘एनीकास्ट’ असतं. एकच आयपी पत्ता जगभरातल्या अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो आणि विचारणारा नेटवर्कच्या वाटेनं जवळच्या ठिकाणी पोहोचतो. रूट सर्व्हर याच बळावर उभे आहेत. ए ते एम अशी त्यांची नावं तेराच, चालवणाऱ्या संस्था बारा, पण प्रत्यक्षात ते दीड हजारांहून अधिक ठिकाणी बसवलेले आहेत. त्यातल्या आय रूटची एक प्रत मुंबईत आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये रूट सर्व्हरांवर मोठा हल्ला झाला, तेव्हा जाणवण्याइतका फटका बसला तो जी आणि एल या दोघांना. त्या दोघांवर एनीकास्ट तोवर आलेलं नव्हतं.

एनीकास्टनं वेगही मिळतो आणि तो साध्या हिशेबानं मिळतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंतचं अंतर तेरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन किमान १३० मिलिसेकंद गेलेच. तार सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त लागतात. सगळे ग्राहक महाराष्ट्रातले आणि नेमसर्व्हर मात्र फक्त अमेरिकेत, हा ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ प्रकार स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये सर्रास आढळतो. पुरवठादार निवडताना त्याची मुंबई किंवा चेन्नईत हजेरी आहे का, हे विचारून घ्यावं.

मग एकच चांगला पुरवठादार पुरे का? दुकानाच्या, ट्रस्टच्या किंवा वैयक्तिक साइटसाठी बहुधा पुरे. त्यापुढची गुंतागुंत तिथं परवडत नाही आणि ती सांभाळायला माणूसही नसतो. बँक, रुग्णालय, पैशाचे व्यवहार यांचं उत्तर वेगळं आहे आणि त्याचं कारण २१ ऑक्टोबर २०१६ ला दिसलं. त्या दिवशी डाइन या मोठ्या डीएनएस कंपनीवर ‘मिराई’ नावाच्या बॉटनेटनं हल्ला चढवला. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले घराघरांतले कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर वेठीला धरून हे सैन्य उभं केलेलं होतं. ट्विटर, रेडिट, स्पॉटिफाय, गिटहब अशा साइट अनेक तास अनेकांना उघडेनात. डाइनकडे एनीकास्ट होतं, जगभर केंद्रं होती, अनुभवी माणसं होती. पण ज्यांचे सगळे नेमसर्व्हर डाइनचेच होते त्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती. रिझॉल्व्हर एका नेमसर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर यादीतल्या पुढच्याला विचारतो. पण यादीत सगळी एकाच कंपनीची नावं असतील तर तो विचारणार कुणाला?

दोन पुरवठादार ठेवायचे तर दोघांच्याही नेमसर्व्हरांची नावं आधीपासून यादीत हवीत. संकट आल्यावर दुसरा जोडू, हा विचार म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरांकडून मिळणारी नेमसर्व्हरांची यादी रिझॉल्व्हर दोन दिवसांपर्यंत साठवू शकतात, त्यामुळे ऐनवेळी केलेला बदल सगळ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत संकट संपलेलंही असतं. दुसरी अडचण नोंदी जुळत्या ठेवण्याची. त्यासाठी रुळलेली पद्धत अशी की मूळ नोंदी एका ‘लपलेल्या’ सर्व्हरवर ठेवायच्या, त्याचं नाव जाहीर यादीत द्यायचंच नाही, आणि दोन्ही पुरवठादारांनी झोन ट्रान्सफर या पद्धतीनं त्याच्याकडून झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींची, प्रत घ्यायची. एखाद्या पुरवठादाराची खास सोय, उदाहरणार्थ ग्राहकाच्या देशानुसार वेगळं उत्तर देणं, या प्रतीत उतरत नाही. तिचा मोह आवरावा, नाहीतर दोन पुरवठादार दोन वेगवेगळी उत्तरं देत बसतात आणि खरं कोणतं हे शोधण्यात दिवस जातो.

विचारणाऱ्याच्या बाजूलाही हीच चूक होते. ऑफिसच्या राउटरमध्ये पहिला डीएनएस १.१.१.१ आणि दुसरा १.०.०.१ भरला की काम झालं असं वाटतं. १४ जुलै २०२५ ला, भारतात पंधरा तारखेची पहाट होती तेव्हा, क्लाउडफ्लेअरची ही सेवा ६२ मिनिटं बंद पडली. दोन्ही पत्ते एकदमच इंटरनेटवरून नाहीसे झाले. कारणही मासलेवाईक होतं. ६ जूनला मांडणीत शिरलेली एक चूक अडतीस दिवस निपचित पडून होती आणि दुसऱ्याच एका बदलानं ती जागी झाली. दुसरी जागा दुसऱ्या कंपनीला द्यावी, यापलीकडे इथं उपाय नाही. क्लाउडफ्लेअरबरोबर गूगलचा किंवा आपल्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर भरला असता, तर त्या पहाटे कुणाला काही कळलंही नसतं.

स्वतःला आजारी ठरवणारे सर्व्हर

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र भारतात अनेकांना आठवत असेल. नऊ वाजून गेले आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम गप्प झाले. ते पूर्ववत व्हायला साधारण सहा तास लागले. फेसबुकनं नंतर दिलेली हकिगत डीएनएस आखणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. डेटा सेंटरांना जोडणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याची क्षमता मोजण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिनं ते जाळंच तोडलं. अशा आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष होता. आता फेसबुकच्या नेमसर्व्हरांची रचना अशी, की डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर ‘आपण आजारी आहोत’ असं मानून त्यांनी स्वतःचा पत्ता इंटरनेटवरून काढून घ्यायचा. एक सर्व्हर आजारी असताना हा नियम उत्तम चालतो. त्या रात्री सगळ्यांनी एकाच वेळी स्वतःला आजारी ठरवलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे अभियंत्यांची स्वतःची साधनंही त्याच डीएनएसवर अवलंबून होती. दुरुस्तीसाठी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली आणि तिथली कडेकोट सुरक्षा ओलांडून यंत्रांपर्यंत पोहोचण्यात आणखी वेळ गेला.

यातून आखणीचे दोन नियम निघतात. पहिला असा: आरोग्य तपासणीला मर्यादा हवी. एक-दोन सर्व्हर नापास झाले तर त्यांना बाजूला करावं. सगळेच नापास झाले तर बिघाड बहुधा तपासणीत किंवा तिच्या वाटेत असतो. अशा वेळी सर्व्हरांनी शेवटचं माहीत असलेलं उत्तर देत राहावं. थोडं जुनं उत्तर बहुतेक वेळा चालतं, उत्तरच न मिळणं कधीच चालत नाही. दुसरा असा: दुरुस्तीची वाट ज्याची दुरुस्ती करायची त्यातून जाता कामा नये. नेमसर्व्हरवर लॉगिन करण्यासाठी त्याच डोमेनवरचं नाव लागत असेल, किंवा सूचना पाठवणारी ईमेल त्याच डोमेनवर येत असेल, तर हे वर्तुळ आजच तोडून ठेवावं.

पहिल्या नियमाला जोडूनच ॲमेझॉनचं प्रकरण येतं. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या पुढे व्हर्जिनियातल्या त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचं नाव सापडेनासं झालं. तिथं नावांची देखभाल माणसं करत नाहीत. ‘प्लॅनर’ नावाचा प्रोग्राम कोणत्या नावामागे कोणते पत्ते ठेवायचे याची योजना आखतो आणि ‘एनॅक्टर’ नावाचे प्रोग्राम ती अमलात आणतात. एक पडला तर दुसरा असावा म्हणून एनॅक्टर तीन. त्या दिवशी एक एनॅक्टर विलक्षण रेंगाळला. तोवर दुसऱ्यानं पुढची, ताजी योजना लावली आणि जुन्या योजना झाडून टाकायला घेतल्या. नेमक्या त्याच क्षणी रेंगाळलेल्यानं आपल्या हातातली शिळी योजना ताजीवर चढवली. ‘ही योजना नवी आहे ना?’ हे त्यानं कधीच तपासून ठेवलेलं होतं आणि ते उत्तर एव्हाना कालबाह्य झालं होतं. पाठोपाठ झाडलोट करणाऱ्यानं ती शिळी योजना पुसली. नावामागचे सगळे पत्ते गेले, मागे रिकामी नोंद उरली, आणि अशा अवस्थेतून स्वतःला सावरणं त्या यंत्रणेला जमत नव्हतं. माणसांनी हात घालून नोंद दुरुस्त केली तेव्हा सुमारे तीन तास झाले होते. तिच्या आधारानं चालणाऱ्या इतर सेवा रुळावर यायला मात्र पुढचे कित्येक तास गेले. स्नॅपचॅट, सिग्नल यांच्यासारखी ॲप त्यात अडकली.

ॲमेझॉनइतकी मोठी यंत्रणा फार कुणाकडे नसते, पण डीएनएसच्या नोंदी स्क्रिप्टनं बदलणारे आता गल्लोगल्ली आहेत. त्यांनी स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवाव्यात. नव्या नोंदींची यादी रिकामी असेल किंवा जुनीच्या तुलनेत अचानक आक्रसली असेल तर बदल थांबवून माणसाला हाक मारावी. आणि प्रसिद्ध करण्याआधी नवी झोन फाइल एका चाचणी सर्व्हरवर चढवून दहा-वीस महत्त्वाची नावं खरोखर विचारून पाहावीत. १२ ऑक्टोबर २००९ ला स्वीडनमध्ये एवढंच राहून गेलं. ‘डॉट एसई’ची झोन फाइल बनवणाऱ्या स्क्रिप्टनं नावांच्या शेवटचा पूर्णविराम गाळला. डीएनएसमध्ये शेवटी टिंब नसलेलं नाव अर्धवट समजलं जातं आणि त्याला झोनचं नाव पुढे जोडलं जातं. प्रत्येक नेमसर्व्हरच्या नावापुढे ‘डॉट एसई’ चिकटलं आणि देशभरातली डोमेनं कोसळली. चूक तासाभरात सुधारली, पण जगभरच्या रिझॉल्व्हरांनी चुकीची उत्तरं साठवून ठेवली होती, ती विरायला पुढचा वेळ लागला.

उत्तर किती वेळ जपायचं?

प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा जातो. रिझॉल्व्हरनं उत्तर किती वेळ साठवावं, हे तो सांगतो. डीएनएसचा वेग आणि टिकाव या दोन्ही गोष्टी इतक्या स्वस्तात दुसऱ्या कोणत्याही उपायानं मिळत नाहीत, आणि तरी हा आकडा बहुतेक ठिकाणी कुणीतरी कधीतरी टाकलेला असतो. ‘बदल लगेच दिसला पाहिजे’ या हट्टापायी ६० सेकंद, ३० सेकंद असे टीटीएल ठेवलेले आढळतात. वर्षातून दोनदा होणाऱ्या बदलासाठी वर्षभर प्रत्येक मिनिटाला प्रत्येक रिझॉल्व्हरला हेलपाटा घालायला लावणं हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे.

उरुग्वेचं उदाहरण बोलकं आहे. ‘डॉट यूवाय’च्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल पाच मिनिटांचा होता. संशोधकांनी लक्षात आणून दिल्यावर तो एक दिवसाचा करण्यात आला. नवा सर्व्हर नाही, नवी तार नाही, फक्त आकडा बदलला. तरी उत्तराचा मध्यक वेळ २८.७ मिलिसेकंदांवरून ८ वर आला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी याच वर्तुळातल्या संशोधकांनी हल्ल्याच्या परिस्थितीत साठवण किती तारते हे मोजलं होतं. नेमसर्व्हरकडे जाणारे निम्मे प्रश्न हरवले तरी जवळजवळ सगळ्या ग्राहकांचं निभावलं, आणि दहातले नऊ हरवत असतानाही सुमारे निम्म्यांपर्यंत ग्राहक तग धरू शकत होते. टीटीएल तोकडा असेल तर हा आधार मिळत नाही.

मोघम सल्ला नको असेल तर आकडे असे धरावेत. नेमसर्व्हरांच्या नोंदींना एक दिवस. क्वचित बदलणाऱ्या नोंदींना, म्हणजे ईमेलचा सर्व्हर किंवा मुख्य साइटचा पत्ता, एक ते चार तास. एक केंद्र पडल्यावर दुसऱ्याकडे वळवायची सोय डीएनएसमधूनच केली असेल तर पाच मिनिटं. त्याहून खाली जाण्याआधी, अर्ध्या मिनिटात वळवण्याची क्षमता आपल्या बाकीच्या यंत्रणेत आहे का, हे प्रामाणिकपणे विचारावं.

स्थलांतराच्या वेळी टीटीएल आधी उतरवायचा असतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे खास डोमेन जाहीर केलं आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हैदराबादची आयडीआरबीटी ही त्याची एकमेव नोंदणी संस्था. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका शेकड्यांनी असल्यामुळे हे काम इथं अनेकांच्या टेबलावर आलं. असं कोणतंही स्थलांतर करताना आधी जुन्या नोंदींचा टीटीएल पाच मिनिटांवर आणावा. मग जुना टीटीएल जेवढा होता निदान तेवढा वेळ थांबावं, कारण लांब टीटीएलची उत्तरं तोवर लोकांकडे साठलेली असतात. त्यानंतर बदल करावा, दोन-तीन दिवस जुना सर्व्हरही चालू ठेवावा, आणि सगळं स्थिरावलं की टीटीएल पुन्हा वाढवावा. ही शेवटची पायरी हमखास राहते. जुनं डोमेन तर अनेक वर्षं सोडूच नये. ते दुसऱ्या कुणी घेतलं, तर जुन्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची ईमेल त्याच्या हाती पडेल.

‘असं नावच नाही’ हे उत्तरही साठवलं जातं, याचा विसर पडतो. नवी उपसाइट सुरू करताना आधी लिंक सगळ्यांना पाठवली आणि नोंद नंतर केली, तर ज्यांनी घाईनं उघडून पाहिलं त्यांच्या रिझॉल्व्हरकडे हा नकार जमा होतो. त्याची मुदत झोनच्या एसओए नोंदीतल्या शेवटच्या आकड्यावरून ठरते. तिथं एक दिवस लिहिलेला असेल तर ‘माझ्याकडे उघडतं, साहेबांकडे नाही’ हा संवाद दिवसभर चालू राहतो. तो आकडा पाच ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान ठेवावा आणि नोंद आधी, घोषणा नंतर, हा क्रम पाळावा.

ज्यांच्याकडे ऑफिसचा किंवा कॉलेजचा स्वतःचा रिझॉल्व्हर आहे, त्यांच्यासाठी अनबाउंड आणि बाइंड या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन उपयुक्त सोयी आहेत. पहिली प्रीफेच. अनबाउंडमध्ये ती चालू केली, तर लोकप्रिय नावाच्या टीटीएलचा शेवटचा दहावा हिस्सा उरलेला असतानाच रिझॉल्व्हर ताजं उत्तर मागवून ठेवतो, त्यामुळे मुदत संपल्यावर पहिला विचारणारा ताटकळत नाही. दुसरी शिळं उत्तर देण्याची, जिला २०२० च्या आरएफसी ८७६७ नं अधिकृत रूप दिलं. नेमसर्व्हर गाठता येत नसेल तर मुदत संपलेलं उत्तर फक्त ३० सेकंदांच्या टीटीएलनं द्यायचं आणि मागे प्रयत्न चालू ठेवायचे. हे किती जुनं चालेल याला एक ते तीन दिवसांची मर्यादा सुचवलेली आहे. बाहेरचा नेमसर्व्हर आडवा झाला तरी ज्यांची उत्तरं रिझॉल्व्हरकडे जमा आहेत त्या साइट ग्राहकांसाठी उघडत राहतात. काही प्रशासकांना शिळं उत्तर म्हणजे धोका वाटतो. ज्या नावांचे पत्ते तासातासाला बदलतात तिथं ती शंका रास्त आहे. बाकी ठिकाणी ही सोय बंद ठेवण्याला फारसं सबळ कारण दिसत नाही.

अडकलेले पाच सेकंद

कधी तक्रार येते, ‘ॲप्लिकेशन मधूनच पाच सेकंद थिजतं.’ चार नाही, सहा नाही, बरोबर पाच. असा गोल आकडा दिसला की डीएनएसवर संशय घ्यावा. लिनक्सवरची नेहमीची सॉफ्टवेअर लायब्ररी पहिल्या रिझॉल्व्हरकडून उत्तर आलं नाही तर मुळात पाच सेकंद वाट पाहते आणि मगच दुसऱ्याकडे वळते. पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिला रिझॉल्व्हर मेलेला असला तर साठवण नसलेल्या यंत्रावर प्रत्येक नावाला हे पाच सेकंद मोजावे लागतात, आणि दुसरा रिझॉल्व्हर असूनही साइट बंद असल्यासारखीच वागते. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये टाइमआउट एक सेकंदावर आणावा, आणि त्याहून बरं म्हणजे प्रत्येक यंत्रावर एक छोटा साठवणारा रिझॉल्व्हर बसवावा.

कुबर्नेटीज वापरणाऱ्यांच्या वाट्याला याचा आणखी एक प्रकार येतो. तिथं ‘एनडॉट्स’ हा आकडा मुळात पाच असतो. नावात पाचाहून कमी टिंबं असतील तर आधी ते क्लस्टरच्या आतलं नाव समजून तीन वेगवेगळ्या शेपट्या लावून शोधलं जातं. ‘एपीआय डॉट उदाहरण डॉट कॉम’सारख्या बाहेरच्या नावात टिंबं दोनच. म्हणजे तीन फुकट फेऱ्या आणि चौथी कामाची. प्रत्येक फेरीत आयपीव्ही ४ आणि ६ असे दोन प्रश्न. एका पत्त्यासाठी आठ प्रश्न, त्यातले सहा वाया. उपाय हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे: बाहेरच्या नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं, म्हणजे ते पूर्ण नाव समजलं जातं. किंवा एनडॉट्स कमी करावा. प्रत्येक नोडवर नोडलोकल डीएनएस कॅश बसवली तर फुकट फेऱ्यांची झळही कमी होते.

ॲप्लिकेशनच्या आतही साठवण असते आणि ती टीटीएल जुमानत नाही. जुन्या जावा प्रणालींमध्ये सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर एकदा मिळालेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत तोच राहतो. डीएनएसमध्ये पत्ता बदलूनही वाहतूक जुन्याच सर्व्हरवर येत राहिली, तर आधी इथं पाहावं.

उत्तर न मिळाल्यावर पुन्हा विचारण्याची पद्धतही आखून घ्यावी लागते. फेसबुकच्या त्या रात्री क्लाउडफ्लेअरच्या रिझॉल्व्हरवर नेहमीच्या तीसपट प्रश्न आदळले, कारण ॲप उत्तर मिळत नाही म्हणून विचारतच सुटले आणि माणसंही पुन्हा पुन्हा ॲप उघडत राहिली. आपल्या प्रोग्रामनं प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करावा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, म्हणजे हजारो यंत्रं एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत.

फायरवॉलबद्दल एवढंच: डीएनएस फक्त यूडीपीवर चालतं या समजुतीनं अनेक ठिकाणी पोर्ट ५३ वर टीसीपी अडवलेलं असतं. उत्तर मोठं असेल तर यूडीपीवर ते कापलं जातं आणि रिझॉल्व्हर टीसीपीनं पुन्हा मागतो. दार बंद असेल तर काही ठरावीक नावंच उघडत नाहीत आणि कारण आठवडाभर सापडत नाही. टीसीपी उघडं ठेवावं आणि यूडीपी उत्तराची कमाल मर्यादा १२३२ बाइट ठेवावी; २०२० पासून हाच आकडा शिफारशीत आहे.

सही, नूतनीकरण आणि सराव

उत्तर खोटं नाही याची खात्री डीएनएसएसईसीच्या सहीनं मिळते. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी रिझॉल्व्हरच्या साठवणीत खोटी उत्तरं घुसवणं किती सोपं आहे हे दाखवल्यापासून तिची गरज वादातीत आहे. रूटवर ती जुलै २०१० पासून आहे. पण ती चुकीची लावली तर डोमेन अडवणारे आपणच ठरतो. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅकनं आपल्या डोमेनवर ती चालू केली, अडचण दिसली आणि घाईनं, या डोमेनवर सही आहे असं सांगणारी ‘डॉट कॉम’कडची डीएस नोंद काढून घेतली, पाठोपाठ सह्याही काढल्या. ती नोंद रिझॉल्व्हरांकडे चोवीस तास साठलेली राहू शकते. सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांना सही असायला हवी असं वाटत होतं आणि ती तर गायब होती. त्यामुळे आधी कमी महत्त्वाच्या डोमेनवर ती चालवून पाहावी, आणि माघार घ्यायची तर आधी डीएस नोंद काढून पूर्ण एक दिवस थांबावं, सह्या त्यानंतरच काढाव्यात.

सगळ्यात क्षुल्लक वाटणारं काम म्हणजे वार्षिक शुल्क. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं शुल्क भरायला विसरली आणि हॉटमेलच्या वापरकर्त्यांना लॉगिन करता येईना. शेवटी बाहेरच्याच एका प्रोग्रामरनं ३५ डॉलर स्वतःच्या खिशातून भरून ते चालू केलं. डोमेन पाच-दहा वर्षांसाठी एकदम घ्यावं, आपोआप नूतनीकरण चालू ठेवावं, रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, आणि तो नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या नावावर तर नक्कीच नसावा.

हे सगळं केल्यावर तिमाहीतून एकदा, कामाच्या दिवशी पण गर्दी नसलेल्या वेळी, चाचणी घ्यावी. ऑफिसचा पहिला रिझॉल्व्हर फायरवॉलवर अडवावा आणि कोणतं ॲप किती सेकंद थिजतं ते घड्याळ लावून लिहावं. दुसऱ्या वेळी एका पुरवठादाराचे नेमसर्व्हर अडवून मोबाइलच्या वेगळ्या नेटवर्कवरून साइट उघडावी. रजिस्ट्रारचं लॉगिन, दोन्ही पुरवठादारांचे दूरध्वनी आणि महत्त्वाच्या सर्व्हरांचे आयपी पत्ते एका कागदावर छापून सर्व्हर रूमच्या कपाटात बंद ठेवावेत, आणि प्रत्येक चाचणीच्या दिवशी त्यातला निदान एक पत्ता आणि एक पासवर्ड अजून चालतो का, हे पाहून घ्यावं.